फंड घराण्याचे निर्णय कसे वाचावेत आणि त्यांना प्रतिसाद कसा द्यावा

मुलुंडला आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने गेल्या वर्षी म्युच्युअल फंडाचे कागद पाहण्यासाठी मला घरी बोलावले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी निळी प्लास्टिकची फाइल उघडली. तिच्यात अकरा योजनांची विवरणपत्रे तारखेनुसार नीट लावलेली होती आणि सर्वांत मागच्या कप्प्यात फंड घराण्याकडून आलेले एक पाकीट न फोडताच ठेवलेले होते. आत दोन पानी सूचना होती. त्यांची एक लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांची) योजना त्याच घराण्याच्या लार्ज अँड मिड कॅप (मोठ्या आणि मध्यम कंपन्यांच्या) योजनेत विलीन होणार होती आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांना ठरावीक तारखेपर्यंत एक्झिट लोड (पैसे काढताना कापले जाणारे शुल्क) न भरता बाहेर पडण्याची मुभा होती. ती तारीख उलटून पाच आठवडे झाले होते. "मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी असेल," असे त्या म्हणाल्या. विवरणपत्रावरचा प्रत्येक आकडा पेन्सिलने टिक करून तपासणाऱ्या या बाईंनी पाकीट उघडले नव्हते, कारण त्यात पैसे आल्याची किंवा गेल्याची नोंद नसणार असे त्यांनी गृहीत धरले होते.

असे गृहीत धरणारे गुंतवणूकदार मला मुंबईत सतत भेटतात. ते एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे मूल्य, रोज पाहतात; फंड घराणे काय ठरवते आहे हे मात्र क्वचितच पाहतात. नवी योजना आणणे, जुनी योजना विलीन करणे, व्यवस्थापक बदलणे, पैसे घेणे थांबवणे हे निर्णय आपल्या परताव्यावर वर्षानुवर्षे परिणाम करतात आणि त्यांतले बरेचसे निर्णय आपल्यासारख्या लाखो लोकांचा पैसा कुठे वाहतो आहे हे पाहूनच घेतले जातात. म्हणून घराण्याचा प्रत्येक निर्णय वाचताना आपल्या स्वतःच्या सवयीही तपासाव्या लागतात. ही दोन्ही कामे कशी करावीत, ते पुढे सांगितले आहे.

घराण्याची कमाई कशावर चालते

म्युच्युअल फंडाच्या रचनेत प्रायोजक, विश्वस्त आणि मालमत्ता व्यवस्थापन कंपनी, म्हणजेच एएमसी, असे तीन घटक असतात. आपण ज्याला बोलताना फंड घराणे म्हणतो ती बहुधा एएमसी असते; पैशांची गुंतवणूक ती करते. विश्वस्तांचे काम युनिटधारकांच्या वतीने तिच्यावर लक्ष ठेवण्याचे असते. एएमसीला मिळणारे शुल्क योजनेच्या एकूण मालमत्तेच्या टक्केवारीत ठरते आणि रोजच्या एनएव्हीतून वजा होते, त्यामुळे त्याची वेगळी पावती आपल्या हातात कधीच पडत नाही. समजा एखाद्या योजनेत १,००० कोटी रुपये आहेत आणि शुल्क एक टक्का आहे, तर घराण्याला वर्षाला १० कोटी रुपये मिळतात. पुढच्या वर्षी बाजार जागच्या जागी राहिला आणि जुन्या गुंतवणूकदाराला काहीच मिळाले नाही, परंतु नव्या लोकांनी आणखी १,००० कोटी आणले, तर घराण्याचे उत्पन्न जवळपास दुप्पट होते. (जवळपास म्हणायचे कारण असे की, मालमत्ता वाढेल तशी खर्चाची कमाल मर्यादा सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नियमांनुसार टप्प्याटप्प्याने उतरते.)

यात लबाडी काही नाही. हा व्यवसाय सगळीकडे असाच चालतो आणि चांगल्या कामगिरीने पैसा ओढणारी घराणीही असतात. तरीही आपली कमाई परताव्यावर आणि घराण्याची कमाई आकारमानावर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचा प्रत्येक निर्णय वाचायला हवा.

प्रथम स्वतःचा परतावा काढावा

फॅक्टशीटवर, म्हणजे योजनेच्या माहितीपत्रकावर, छापलेला परतावा योजनेचा असतो. आपला परतावा त्याहून फार वेगळा असू शकतो, कारण आपण पैसे केव्हा आणि किती घातले यावर तो ठरतो. एक छोटे उदाहरण पाहू. एखाद्या योजनेची एनएव्ही २० रुपये असताना एका गृहस्थांनी १ लाख रुपये गुंतवले आणि त्यांना ५,००० युनिटे मिळाली. वर्षभरात एनएव्ही ३० रुपयांवर गेली, योजनेचे नाव सगळीकडे झाले, तेव्हा त्यांनी उत्साहाने आणखी ३ लाख रुपये घातले आणि १०,००० युनिटे घेतली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एनएव्ही २४ रुपयांवर उतरली. योजनेची जाहिरात 'दोन वर्षांत २० टक्के वाढ', म्हणजे वार्षिक सुमारे साडेनऊ टक्के असे सांगेल आणि ते खरेच असेल. या गृहस्थांकडे मात्र १५,००० युनिटांचे ३ लाख ६० हजार रुपये आहेत आणि त्यांनी घातले होते ४ लाख. त्यांचा वार्षिक परतावा उणे आठ टक्क्यांच्या आसपास येतो. योजना फायद्यात आणि गुंतवणूकदार तोट्यात, हे एकाच वेळी घडते.

हा हिशेब आपल्यापुरता काढणे अवघड नाही. कॅम्स किंवा केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावरून पॅन आणि ईमेलच्या आधारे सर्व घराण्यांचे एकत्रित विवरणपत्र मागवता येते. ते मागवताना 'सविस्तर' हा पर्याय आणि अगदी पहिल्या गुंतवणुकीपासूनचा कालावधी निवडावा. मग स्प्रेडशीटच्या एका रकान्यात तारखा आणि दुसऱ्यात रकमा लिहाव्यात. भरलेले पैसे उणे चिन्हाने, काढलेले पैसे अधिक चिन्हाने आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आजचे मूल्य लिहून एक्सआयआरआर (XIRR) हे वार्षिक परतावा काढणारे सूत्र लावावे. प्रत्येक योजनेचा हा आकडा त्याच काळातील योजनेच्या आणि तिच्या मानदंड निर्देशांकाच्या (ज्याच्याशी योजनेची तुलना केली जाते त्या निर्देशांकाच्या) परताव्याशेजारी ठेवावा. एसआयपी (ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवणे) असेल तर थोडाफार फरक पडणारच, त्याने घाबरून जाऊ नये. परंतु एकरकमी पैसे घातलेल्या बहुतेक योजनांत आपला आकडा योजनेपेक्षा सातत्याने खाली दिसत असेल, तर दोष योजनेत शोधण्याआधी आपण त्या योजनांत कोणत्या महिन्यांत शिरलो ते पाहावे. मला आजवर जे कागद पाहायला मिळाले, त्यांत मोठ्या रकमा तेजीच्या शेवटच्या टप्प्यात शिरलेल्या वारंवार आढळल्या.

आपल्या सवयी आणि घराण्यांचे उत्तर

एरिक सिरी आणि पीटर टुफानो यांनी अमेरिकेतील इक्विटी (शेअरमध्ये गुंतवणाऱ्या) फंडांबाबत १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, आदल्या काळात अव्वल ठरलेल्या फंडांकडे पैशांचा ओघ लागतो, परंतु तळाला गेलेल्या फंडांतून पैसा त्या प्रमाणात बाहेर पडत नाही. विक्रम नंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्याच देशातील आकडेवारीवरून आणखी एक गोष्ट दाखवली. घराण्यातील एक फंड चमकला की त्याच घराण्याच्या इतर फंडांकडेही पैसा वळतो. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र वाचली तर घराण्यांचे वागणे उमगते. दहा वेगवेगळ्या कल्पनांच्या दहा योजना काढल्या, तर त्यांतली एखादी कोणत्या ना कोणत्या वर्षी पहिल्या रांगेत येणारच, आणि तिच्या नावावर बाकीच्यांनाही पैसा मिळेल. मागे पडलेल्या योजनांतून लोक फारसे हलत नाहीत, त्यामुळे तिथले शुल्कही चालूच राहते.

भारतात या सवयीला अनेक वर्षे दहा रुपयांच्या एनएफओने, म्हणजे नव्या योजनेच्या पहिल्या विक्रीने, खतपाणी घातले. मी स्वतः २००७ साली दादरच्या एका बँकेच्या शाखेत, मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला गेलो असता, 'युनिट फक्त दहा रुपयांना आहे' हे ऐकून एका नव्या योजनेत ५० हजार रुपये भरले. त्या काळी प्रवेशभार, म्हणजे पैसे घालताना कापले जाणारे शुल्क, सव्वादोन टक्क्यांपर्यंत असे, त्यामुळे हजाराहून अधिक रुपये पहिल्याच दिवशी गेले. पुढे २००८ ची पडझड झाली आणि काही वर्षांनी ती योजना दुसऱ्या योजनेत विलीन झाली. आज तिच्या कामगिरीचा मागमूस कुठल्याही तक्त्यात सापडत नाही. प्रवेशभार १ ऑगस्ट २००९ पासून बंद झाला, ही गुंतवणूकदारांच्या दृष्टीने फार मोठी सुधारणा होती, परंतु दहा रुपयांचे आकर्षण अजून गेलेले नाही. एनएव्ही १० असताना १ लाखात १०,००० युनिटे मिळतात आणि ५०० असताना २०० मिळतात. आतले शेअर १५ टक्क्यांनी वाढले तर दोन्हीकडे १ लाख १५ हजारच होतात. युनिटांची संख्या हे स्वस्ताईचे माप नाही, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला एकदा कागदावर मांडून दाखवावी.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सेबीने योजनांचे वर्गीकरण केले. लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्या, मिड कॅप म्हणजे १०१ ते २५० आणि त्यापुढच्या स्मॉल कॅप, अशी व्याख्या झाली आणि एका वर्गात एका घराण्याची एकच योजना असा नियम आला. त्यामुळे एकसारख्या योजनांची गर्दी कमी झाली. निर्देशांक फंड (निर्देशांकातलेच शेअर घेणारे), फंड ऑफ फंड्स (इतर फंडांत गुंतवणारे) आणि क्षेत्रीय वा विशिष्ट संकल्पनेवरच्या योजनांना मात्र या एकाच्या मर्यादेतून सूट राहिली. साहजिकच नव्या योजनांचा जोर तिकडे वळला. संरक्षण, उत्पादन, पायाभूत सुविधा अशा नावांची योजना बाजारात येते तेव्हा त्या क्षेत्राचे शेअर बहुधा आधीच चढलेले असतात, कारण चढलेल्या क्षेत्राच्या नावानेच पैसा गोळा होतो.

एनएफओचे पत्रक हातात आले तर घाई करू नये. ओपन एंडेड (कधीही पैसे घालता-काढता येणारी) योजना युनिटवाटपानंतर पाच कामकाजी दिवसांच्या आत पुन्हा विक्रीसाठी खुली करावीच लागते, त्यामुळे 'शेवटची तारीख' चुकल्याने काहीही हातचे जात नाही. त्या योजनेचा मानदंड निर्देशांक कोणता आहे ते पाहावे, गेल्या तीन वर्षांत तो किती वाढला ते तपासावे आणि त्यातील पहिल्या दहा कंपन्यांपैकी किती आपल्या चालू योजनांत आधीच आहेत ते मोजावे. सहा किंवा अधिक असतील, तर मी स्वतः ती योजना घेत नाही.

विलीनीकरणाची किंवा स्वरूपबदलाची सूचना

ही सूचना सर्वांत कमी वाचली जाते आणि सर्वांत जास्त वाचण्यासारखी असते. योजनेच्या मूलभूत स्वरूपात बदल करायचा असेल किंवा ती दुसऱ्या योजनेत मिळवायची असेल, तर घराण्याला युनिटधारकांना कळवावे लागते आणि चालू एनएव्हीने, एक्झिट लोड न लावता बाहेर पडण्यासाठी किमान ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. आपण गप्प राहिलो तर ती संमतीच धरली जाते. पाकीट न उघडणे हासुद्धा अशा रीतीने एक निर्णय ठरतो.

सूचना हातात आल्यावर प्रथम मुदतीची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मग दोन्ही योजनांचा तुलनात्मक तक्ता शोधावा. तो सूचनेतच असतो. त्यात मालमत्ता वाटपाची ओळ सर्वांत महत्त्वाची असते. आमच्या शिक्षिकांच्या बाबतीत जुन्या लार्ज कॅप योजनेला किमान ८० टक्के रक्कम पहिल्या १०० कंपन्यांत ठेवणे भाग होते, तर नव्या लार्ज अँड मिड कॅप योजनेला किमान ३५ टक्के रक्कम मिड कॅपमध्ये ठेवावी लागते. चढउतार सोसवत नाही म्हणून ज्यांनी २०१२ साली मुद्दाम मोठ्या कंपन्यांची योजना निवडली होती, त्यांचा एक तृतीयांशाहून अधिक पैसा आता मध्यम कंपन्यांत होता आणि त्यांनी तसे ठरवलेच नव्हते. त्यानंतर मानदंड, व्यवस्थापक, खर्चाचे प्रमाण आणि जोखीममापकावरची (योजनेची जोखीम दाखवणाऱ्या काट्यावरची) जागा या ओळी पाहाव्यात. जोखीममापक जानेवारी २०२१ पासून सहा पातळ्यांचा आहे आणि त्याचे मूल्यमापन दरमहा होते, त्यामुळे काटा एक पायरी सरकला असला तरी त्याची दखल घ्यावी.

सूचनेत विलीनीकरणाचे कारणही दिलेले असते. 'युनिटधारकांच्या हितासाठी' या शब्दांवर थांबू नये. योजना खरोखर इतकी लहान होती का की तिचा खर्च परवडत नव्हता, हे मालमत्तेच्या आकड्यावरून कळते. दोन्ही योजनांचे पाच वर्षांचे परतावे शेजारी मांडले की मागे पडलेली योजना पुढे असलेल्या योजनेत जाते आहे का, हेही दिसते. तसे असेल तर विलीनीकरणानंतर कमजोर योजनेचा इतिहास नाहीसा होतो आणि घराण्याच्या तक्त्यात चांगला आकडा उरतो. म्हणूनच 'या घराण्याच्या सर्व योजना मानदंडाच्या पुढे आहेत' असे विधान वाचले की, दहा वर्षांपूर्वी त्या घराण्याच्या किती योजना होत्या आणि त्यांतल्या किती आज हयात आहेत, हे विचारायला हवे. जुन्या फॅक्टशीट संकेतस्थळांवर असतात; संध्याकाळचा एक तास दिला तर उत्तर मिळते.

कराची बाजू नीट समजून घ्यावी, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. इक्विटी योजना दुसऱ्या इक्विटी योजनेत विलीन झाली आणि आपण त्यात राहिलो, तर त्या वेळी भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मूळ खरेदीची किंमत आणि तारीख पुढे चालू राहते. मुदतीत बाहेर पडलो तर एक्झिट लोड माफ होतो, कर माफ होत नाही. इक्विटी योजनांसाठी २३ जुलै २०२४ पासून एक वर्षाहून जुन्या युनिटांच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाख रुपयांची सूट सोडून, साडेबारा टक्के कर आहे, आणि एक वर्षाच्या आत विकल्यास २० टक्के. शिक्षिकांची युनिटे ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची होती आणि त्या दिवसाची एनएव्ही मूळ किमतीपेक्षा जास्त होती, म्हणून कराच्या हिशेबात तीच खरेदीची किंमत धरता आली. आम्ही विवरणपत्रावरून युनिटे मोजली आणि नफा सव्वा लाखाच्या आत राहील इतकी युनिटे मार्चमध्ये व उरलेली नवे आर्थिक वर्ष लागल्यावर एप्रिलमध्ये विकली. मुदत हुकल्याचे नुकसान त्यांना फार झाले नाही, कारण एक्झिट लोडचा काळ केव्हाच संपला होता. योजनेत नुकताच शिरलेला गुंतवणूकदार मात्र दरवेळी इतका सुदैवी नसतो.

इतरांच्या घाईचा आपल्याला बसणारा फटका

म्युच्युअल फंडात आपण एकटे नसतो. सोबतचे गुंतवणूकदार घाईने बाहेर पडले तर घराण्याला आधी चटकन विकता येण्याजोगे शेअर किंवा रोखे विकावे लागतात आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला न विकला जाणारा माल उरतो. मुंबईतल्या अनेक मराठी घरांना याचा अनुभव २००१ साली आला. युनिट ट्रस्टची यूएस-६४ ही १९६४ सालची योजना निवृत्तांच्या आणि गृहिणींच्या खास विश्वासाची होती. तिची खरेदी-विक्रीची किंमत मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी जोडलेली नव्हती, ती जाहीर केली जाई. मोठ्या संस्थांनी आधीच पैसे काढून घेतले आणि जुलै २००१ मध्ये युनिटांची विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली, तेव्हा अडकले ते लहान युनिटधारक.

दुसरा प्रसंग २३ एप्रिल २०२० चा आहे. फ्रँकलिन टेम्पलटनने त्या दिवशी सहा डेट (रोख्यांत गुंतवणाऱ्या) योजना गुंडाळत असल्याचे जाहीर केले. त्यांत सुमारे २५ हजार कोटी रुपये होते. टाळेबंदीच्या काळात लोक पैसे काढत होते आणि कमी पतमानांकनाच्या, म्हणजे परतफेडीची खात्री कमी असलेल्या, रोख्यांना गिऱ्हाईक नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. योजना गुंडाळण्यासाठी युनिटधारकांच्या बहुमताची संमती घेणे विश्वस्तांना बंधनकारक आहे, असा निकाल जुलै २०२१ मध्ये आला. हा निकाल आपल्या हाती आलेला मोठा अधिकार आहे, आणि मतदानाचा ईमेल येईल तेव्हा तो वापरायला हवा. डेट योजना निवडताना परताव्याआधी रोख्यांच्या पतमानांकनाचा तक्ता पाहावा. आपली योजना तिच्यासारख्या इतर योजनांपेक्षा दीड-दोन टक्के जास्त देत असेल, तर ते जास्तीचे पैसे कोणत्या रोख्यांतून येतात ते फॅक्टशीटमध्ये स्वतः शोधावे, आणि सापडले नाही तर अडीअडचणीचा पैसा तिथे ठेवू नये.

स्मॉल कॅप योजनांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. लहान कंपन्यांचे शेअर रोज मोजकेच विकले जातात आणि योजनेत पैसा फार झाला तर तो गुंतवणे आणि काढणे, दोन्ही जड जाते. २०२३ मध्ये काही घराण्यांनी आपल्या स्मॉल कॅप योजनांत एकरकमी पैसे घेणे थांबवले. ज्या पैशावर शुल्क मिळाले असते तो पैसा नाकारणे हा घराण्याच्या तात्पुरत्या फायद्याविरुद्धचा निर्णय असतो, म्हणून मी अशा घराण्याबद्दल चांगले मत धरतो. पैसे घेणे पुन्हा सुरू होते तेव्हा मात्र प्रश्न विचारावा: लहान कंपन्यांचे भाव उतरले म्हणून सुरू झाले, की पैसा मागे लागला म्हणून? परदेशी शेअरमध्ये गुंतवणाऱ्या योजनांनी २०२२ च्या सुरुवातीला पैसे घेणे थांबवले ते संपूर्ण उद्योगासाठी असलेली ७ अब्ज डॉलरची मर्यादा भरत आल्यामुळे. त्या निर्णयावरून घराण्याची पारख होत नाही.

मार्च २०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप योजना ताणचाचणीचा निकाल दरमहा जाहीर करतात. योजनेतील २५ टक्के आणि ५० टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील, हे त्यात असते. एका महिन्याच्या आकड्यावरून फारसे कळत नाही. सहा महिन्यांचे आकडे एका ओळीत लिहावेत. दिवस वाढत चालले असतील आणि त्याच काळात योजनेची मालमत्ताही वाढत असेल, तर नवी रक्कम तिथे टाकण्याआधी थांबावे.

व्यवस्थापक बदलला तर

बातमी आली की लगेच विकण्याची गरज नसते. निर्देशांक फंडात तर व्यवस्थापकापेक्षा निर्देशांकापासूनचा फरक आणि खर्च पाहणे पुरेसे आहे. सक्रिय योजनेत, जिथे शेअर व्यवस्थापक निवडतो, नव्या व्यवस्थापकाची त्याच प्रकारच्या योजनेतील आधीची कामगिरी पाहावी आणि पुढच्या तीन तिमाहींत पहिल्या दहा शेअरांपैकी किती बदलले ते टिपावे. निम्म्याहून अधिक बदलले असतील तर आपण प्रत्यक्षात नवी योजना धरून बसलो आहोत आणि ती नव्याने निवडली असती का, हे ठरवावे लागते.

खर्च

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन उपलब्ध आहे; त्यात वितरकाचे कमिशन नसल्याने खर्च कमी असतो. १० लाख रुपये वार्षिक १२ टक्क्यांनी २० वर्षांत सुमारे ९६ लाख ४६ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी सुमारे ८० लाख ६२ हजार. एका टक्क्यापायी पंधरा लाखांहून अधिक रुपयांचा फरक पडतो. तरीही ज्यांना स्वतः वर सांगितलेले कागद वाचणे जमणार नाही, त्यांनी चांगल्या वितरकाला किंवा शुल्क घेणाऱ्या सल्लागाराला पैसे द्यावेत असेच मी सांगतो, पण त्या पैशांच्या बदल्यात सूचना वाचून समजावून सांगण्याचे काम त्याच्याकडून करून घ्यावे. खर्चाचे प्रमाण घराण्याच्या संकेतस्थळावर रोज असते. वर्षातून दोनदा ते टिपून ठेवावे.

जुन्या पिढीसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. ज्याला आपण लाभांश पर्याय म्हणत होतो त्याचे नाव एप्रिल २०२१ पासून उत्पन्न वितरण व भांडवल परतफेड अशा अर्थाचे झाले आहे आणि ते खरे नाव आहे. हातात आलेली रक्कम एनएव्हीतून तितकीच वजा होते आणि आपल्या कराच्या टप्प्यानुसार करपात्र ठरते.

पडझडीच्या दिवसांसाठी आधीच लिहून ठेवावे

१४ जानेवारी २०२० रोजी निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता आणि २३ मार्चला तो ७,६१० वर आला. दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के घट झाली. त्या आठवड्यात मला जितके फोन आले, त्यांतले बहुतेक एसआयपी थांबवण्याबद्दल होते. फोन करणाऱ्यांपैकी कोणालाही ती एसआयपी कशासाठी सुरू केली होती हे पटकन सांगता येत नव्हते. म्हणून प्रत्येक योजनेसाठी चार ओळींची एक नोंद करून ती विवरणपत्राला टाचून ठेवावी: ही योजना का घेतली, हे पैसे कोणत्या वर्षी लागणार आहेत, कोणत्या कारणाने विकेन आणि कोणत्या कारणाने विकणार नाही. विकण्याच्या कारणांत स्वरूपबदल, मानदंडाच्या मागे सलग तीन-चार वर्षे राहणे, पैशांची ठरलेली गरज अशा गोष्टी याव्यात. 'खरेदीची किंमत परत आली की विकेन' हे कारण तिथे लिहू नये. फायद्यातली योजना लवकर विकून तोट्यातली धरून बसण्याची आपली ओढ त्या वाक्यात दडलेली असते, आणि योजनेला आपली खरेदीची किंमत माहीत नसते.

तक्रार करायची वेळ आली तर

सूचना मिळालीच नाही, मुदतीत अर्ज देऊनही एक्झिट लोड कापला गेला किंवा विलीनीकरणात युनिटे चुकली, तर प्रथम घराण्याच्या गुंतवणूकदार सेवा अधिकाऱ्याला ईमेल करावा. त्यात फोलिओ क्रमांक, योजनेचे पूर्ण नाव, व्यवहाराची तारीख आणि नेमकी किती रक्कम किंवा युनिटे हवी आहेत हे पहिल्या परिच्छेदातच लिहावे, रागाचे शब्द लिहू नयेत, आणि उत्तरातला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तिथे घराण्याला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्यानंतरही प्रश्न राहिला तर २०२३ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन तंटा निवारण व्यवस्था आहे. तक्रारीसोबत मूळ सूचना जोडावी लागते. त्यासाठी ईमेलमध्ये फंड घराण्यांच्या पत्रांचा वेगळा फोल्डर करावा आणि घरी आलेले प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडून, वर आल्याची तारीख लिहून, फाइलच्या पहिल्या कप्प्यात लावावे.